नाथसागराच्या वरचे पाणी
ऊर्ध्व गोदावरीतील एका तंट्याची शंभर वर्षे

पावसाळा ओसरला की गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात सगळ्यांचे लक्ष एका तारखेकडे लागते. ती तारीख १५ ऑक्टोबर. पैठणच्या जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात, खरिपाचा वापर हिशेबात धरून किती पाणी आहे, हे त्या दिवशी ठरते. उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, की नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या कोणत्या धरणातून किती पाणी खाली सोडायचे याची आकडेमोड सुरू होते. पुढचे सारे आता पाठ झाल्यासारखे आहे. वरच्या तालुक्यांत रास्ता रोको, खालच्या जिल्ह्यांत मोर्चे, दोन्हीकडून न्यायालयात याचिका. पाणी सुटायच्या आधी नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, धरणांवर पोलिस बसतात. दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात ते हेच दिवस.

या तंट्याची नेहमीची मांडणी दोन वाक्यांत संपते. खालचे म्हणतात, आमच्या हक्काचे पाणी वरच्यांनी अडवले. वरचे म्हणतात, आमचे पाणी राजकारणाने पळवले. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. पाऊस कमी पडतो म्हणून तंटा होतो, हे स्पष्टीकरणही पुरेसे नाही. पाऊस या भागात पूर्वीही कमीच पडत असे. त्याच्या वाट्यावरून जिल्ह्याने जिल्ह्याला न्यायालयात खेचावे, ही गोष्ट मात्र अलीकडची. पाणी कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने अडवले, त्यावर कोणता हक्क कोणाला दिला आणि कोणता हक्क कधीच लिहून ठेवला नाही, यात या तंट्याची मुळे आहेत. ती शोधायची तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जावे लागते.

एक नदी, दोन हवामाने

आधी भूगोल. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. दारणा, कादवा, प्रवरा, मुळा या नद्या तिला पैठणच्या आधी येऊन मिळतात. त्यांचे उगम सह्याद्रीच्या ऐन कड्यापाशी आहेत. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला कोपरगाव, वैजापूरकडे आले की तो पाचशे मिलीमीटरच्या आसपास उरतो. घाटमाथ्याच्या एका अरुंद पट्ट्यात पाणी पडते आणि त्याची गरज असते ती पूर्वेकडच्या रुंद, काळ्या, कोरड्या मुलखाला. त्यामुळे जो कोणी घाटाच्या पायथ्याशी धरण बांधील, त्याच्या हाती खालच्या शंभर-दीडशे मैलांची किल्ली येते. पहिले धरण कोणी बांधले, या प्रश्नाला इथे एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

दुष्काळासाठी कालवे, महसुलासाठी ऊस

१८७६–७८ चा दुष्काळ, मग १८९६–९७ चा, आणि त्यातून सावरायच्या आत १८९९–१९०० चा. या तीन आघातांनंतर ब्रिटिश सरकारने सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला (१९०१–०३). दख्खनमधले कालवे नफ्यासाठी नसून संरक्षणासाठी बांधावेत, असा त्याचा सूर होता. पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरीचे पीक वाचवायचे आणि दुष्काळी कामांवरचा सरकारी खर्च टाळायचा. याच विचारातून नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि गोदावरीचे डावा-उजवा हे दोन कालवे झाले. त्यांना पाणी पुरवण्यासाठी दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे सुमारे २७० फूट उंचीचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले.

कालवे झाले, पण घोटाळा हिशेबात निघाला. काळ्या जमिनीत पाऊस बरा झाला की ज्वारीला कालव्याचे पाणी लागत नाही. शेतकरी पाणी मागायचा तो फक्त वाईट वर्षी, आणि चांगल्या वर्षी कालवा वाहत असूनही पाणीपट्टी जमत नसे. कालव्यावरचा खर्च मात्र दरवर्षीचा. बारमाही पाणी घेणारा आणि त्याचे पैसे देणारा गिऱ्हाईक सरकारला हवा होता. तो उसाने दिला. सासवडकडचे माळी बागायतदार आधी नीरेवर आणि मग गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर आले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला. त्यांच्या मागोमाग साखर कंपन्या आल्या. बेलापूर कंपनीचा हरिगावचा कारखाना, टिळकनगर, कोपरगावकडची साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी. १९३२ मध्ये साखरेला आयातकराचे संरक्षण मिळाल्यावर या धंद्याने जोर धरला. दुष्काळात भाकरी वाचवण्यासाठी खोदलेल्या कालव्यावर अशा रीतीने देशातल्या सर्वांत तहानलेल्या पिकांपैकी एक उभे राहिले, आणि ते सरकारच्या संमतीने उभे राहिले.

हा धोका वेळीच ओळखणारा माणूस सरकारी नोकरीतच होता. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात काम करताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. थोड्या गावांत सगळा ऊस घेण्याऐवजी अनेक गावांत छोटे-छोटे ब्लॉक मंजूर करावेत, प्रत्येक ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस असावा, बाकी जमिनीत धान्य आणि हंगामी पिके फिरती ठेवावीत, अशी ती कल्पना. त्यामुळे पाणी दूरवर पसरले असते, जमीन पाणथळ होण्याचे प्रमाण घटले असते आणि सरकारला ठरलेली पाणीपट्टीही मिळाली असती. पद्धत लागू झाली, पण तिचा आत्मा हळूहळू गळाला आणि मंजुरीचा कागद तेवढा उरला. ज्याच्याकडे ब्लॉक त्याला बारमाही पाणी, अशी समजूत रूढ झाली. कोपरगाव-राहाता भागातला शेतकरी आजही ‘आमचे ब्लॉकचे पाणी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सरकारने आजोबांना दिलेला शब्द असतो. तो शब्द खोटा नव्हता. मात्र तो देताना खालच्या अंगाला कोण आहे, हे कोणी विचारले नव्हते.

कालव्यांनी आणखी एक तंटा जन्माला घातला. साखर कंपन्यांच्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे सरकारकडे आले, १९६३ मध्ये शेती महामंडळ झाले, आणि मूळ मालक ‘खंडकरी शेतकरी’ म्हणून दशकानुदशके भांडत राहिले. पाण्याचा तंटा जमिनीच्या तंट्यापासून सुटा नसतो, याचे हे जवळचे उदाहरण.

सीमेपलीकडचा तीर

हे सारे मुंबई इलाख्यात चालले होते. गोदावरी वैजापूर-गंगापूरच्या हद्दीला लागली की पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. एकाच नदीच्या एका काठावर ब्रिटिशांचे पाटबंधारे खाते आणि दुसऱ्या काठावर संस्थानचा कारभार. हैदराबादनेही या काळात मोठी धरणे बांधली. मांजरेवरचा निजामसागर १९३१ मध्ये पुरा झाला, पण त्याचा लाभ तेलंगणाच्या बाजूला गेला. गोदावरीवर धरण बांधायची योजना हैदराबादेत आखली गेली होती. तिची मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावापाशी होती. धरण पुढे पैठणला सरकले, नाव मात्र गावाचेच राहिले.

१९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आधीच्या १९५३ च्या नागपूर करारात मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. मराठवाडा महाराष्ट्रात आला तो विनाअट, हे तिथे अभिमानाने सांगितले जाते, आणि मग त्या विश्वासाचे काय झाले, असेही विचारले जाते. जायकवाडी हे त्या विश्वासाचे सर्वांत मोठे दृश्य चिन्ह होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले, तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी एकूण साठा आणि त्यातला सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.) डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. मराठवाड्याच्या दृष्टीने हे पाटबंधाऱ्याच्या कामापेक्षा मोठे होते. नव्या राज्याने दिलेला शब्द त्यात होता.

म्हणजे एकाच राज्याच्या पोटात दोन शब्द होते. एक ब्रिटिश सरकारने वरच्या शेतकऱ्याला दिलेला, दुसरा महाराष्ट्राने खालच्या शेतकऱ्याला दिलेला. दोन्ही एकाच नदीवर लिहिलेले. आणि त्यांची बेरीज नदीत आहे का, हे पाहणे राज्याचे काम होते.

कागदावरची नदी

ती बेरीज कागदावर केली गेली होती. जायकवाडीच्या आखणीच्या वेळी पैठणपर्यंत ७५ टक्के भरवशाचे पाणी सुमारे १९६ टीएमसी धरले होते. चारपैकी तीन वर्षे एवढे पाणी येईल, असा त्याचा अर्थ. त्यातले सुमारे ११५ टीएमसी वरच्या भागाचे आणि सुमारे ८१ टीएमसी जायकवाडीचे. आकडे नेमके होते, पण त्यांच्या खालची जमीन भुसभुशीत होती. नंतरच्या जलशास्त्रीय अभ्यासांनी मूळ अंदाज बराच खाली आणला. नदी कागदावर मोठी आणि पात्रात लहान निघाली.

त्याच वेळी वरच्या भागात धरणे वाढत होती. मुळा धरणाचे २६ टीएमसी, गंगापूर, करंजवण, पालखेड आणि त्यांची सोबतची धरणे, पुढे मुकणे, भावली, वाकी, भाम, आणि अनेक वर्षे रखडलेले निळवंडे. प्रत्येक धरणाला आपले समर्थन होते, आपला आमदार होता, आपला लाभधारक तालुका होता. सगळ्यांची एकत्र वही मात्र कोणाकडे नव्हती.

इथे एका गाठीचा उल्लेख करायला हवा, कारण ‘नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा’ या चित्रात ती बसत नाही. मुकणे, भावली, वाकी आणि भाम ही नाशिक जिल्ह्यातली धरणे नांदूर मधमेश्वर प्रकल्पाचा भाग आहेत, आणि त्या प्रकल्पाच्या जलद कालव्याचे पाणी वैजापूर-गंगापूरला, म्हणजे मराठवाड्याला जाते. उलट नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींत नगर जिल्ह्यातल्या शेवगाव-नेवासे तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या जमिनी आहेत. मराठवाड्याच्या धरणासाठी नगरचा शेतकरी विस्थापित झाला आणि मराठवाड्यासाठी नाशिकच्या डोंगरात धरणे झाली. भंडारदरा आणि निळवंड्याच्या पाण्याखाली अकोले तालुक्यातल्या ज्या आदिवासी आणि छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, ते तर या भांडणात कोणत्याच बाजूला मोजले जात नाहीत. सर्वाधिक पाऊस त्यांच्या अंगणात पडतो आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन त्यांनाच चालावे लागते.

आंतरराज्य पातळीवरही या प्रश्नाने बगल घेतली. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला. पैठणच्या धरणस्थळापर्यंतचे सारे पाणी महाराष्ट्राने वापरावे, असे राज्या-राज्यांनी आधीच मान्य केले होते, लवादाने ते कायम केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विजय होता. पण राज्याच्या आत या पाण्याचे वाटे कसे करायचे, हा प्रश्न लवादापुढे नव्हता आणि तो कोणी राज्यापुढेही ठेवला नाही. ‘सारे पाणी आपले’ म्हटल्यावर ‘आपण’ म्हणजे कोण, हे ठरवायचे राहून गेले.

साखरेची सत्ता

ते का राहून गेले, याचे उत्तर राजकारणात आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. खासगी कंपन्यांच्या हातातला धंदा शेतकऱ्यांच्या हाती आला, ही ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी घटना होती. तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. शाळा, दवाखाने, महाविद्यालये त्यातून उभी राहिली. पण त्या कारखान्याचा पाया कालव्याच्या पाण्यावर होता. कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था, बाजार समिती आणि विधानसभेची जागा अशी एक साखळी तयार झाली, आणि साखळीची पहिली कडी पाटाचे आवर्तन ही होती. उसाचे पाणी कमी करा म्हणणे म्हणजे त्या साखळीलाच हात घालणे.

तसे म्हणणारे लोक होते. वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीने १९७९ मध्ये आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. उन्हाळ्यात बारमाही पिकाला पाणी देण्याऐवजी खरीप आणि रब्बीला ते अधिक क्षेत्रावर द्यावे, अशी ती सूचना. शंकरराव चव्हाणांनी आपल्या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आठमाही धोरण पुढे रेटले. कागदावर ते आले. शेतात मात्र पाटाच्या पाण्याने भरलेल्या विहिरींवर ऊस उभाच राहिला. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात उसाखाली पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमीन आहे आणि तो सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो.

हा आकडा फक्त नगरच्या तोंडावर फेकण्याचा नाही. जायकवाडीचे कालवे सुरू झाल्यावर खालीही तेच झाले. ज्या धरणाची आखणी प्रामुख्याने हंगामी पिकांसाठी होती, त्याच्या लाभक्षेत्रात साखर कारखाने उभे राहिले. कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाला कोरडी चारी, हे दृश्य जालना-परभणीकडेही दिसते. शिवाय तेव्हाचे औरंगाबाद शहर वाढले, औद्योगिक वसाहती वाढल्या आणि त्यांची तहान नाथसागरावर आली. २०१६ च्या दुष्काळात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात न्यायालयाच्या आदेशाने कपात करावी लागली. उथळ आणि पसरट नाथसागरातून बाष्पीभवनाने उडून जाणारे पाणी ही आणखी वेगळी तूट. वरचा शेतकरी याच गोष्टी दाखवून विचारतो, की आमच्या तोंडचे पाणी काढून नेता ते याच कामाला का? हा प्रश्न खालच्या नेतृत्वाने कधी सरळ घेतला नाही.

उशिरा आलेला नियम

नियमाचा अभाव किती खोल होता, याचा एक नमुना. राज्याने १९७६ मध्ये महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम केला. त्यापूर्वीचा कायदा १८७९ चा, मुंबई इलाख्याचा. नवा कायदा झाला, पण त्याखालचे नियम दशकानुदशके झाले नाहीत आणि ब्रिटिश काळातल्या १९३४ च्या कालवे नियमांवरच काम चालत राहिले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये आपला अहवाल दिला. पाण्याचा विचार जिल्हा वा प्रदेशापेक्षा खोरे आणि उपखोरे धरून करावा, हा त्याचा गाभा होता.

मग २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आला. त्यातले कलम १२(६)(ग) थोड्या शब्दांचे आहे, पण त्यात या शतकभराच्या तंट्यावर पहिल्यांदा काही ठोस सांगितले आहे. टंचाईची झळ सर्वांनी सारखी सोसावी, यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व जलाशयांतले पाणी असे नियंत्रित करावे, की खरिपाचा वापर धरून वापरायोग्य पाण्याची टक्केवारी सगळीकडे साधारण सारखी राहील. यात कोणाचा हक्क आधीचा आणि कोणाचा नंतरचा, याचा निवाडा नाही. तूट वाटून घ्या, एवढेच कायदा सांगतो.

कायदा झाला आणि कपाटात गेला. त्याखालचे नियम यायला २०१३ उजाडले. मधल्या काळात चांगल्या पावसाची वर्षे गेली आणि कोणाला निकड वाटली नाही. २०१२ च्या दुष्काळात नाथसागर तळाला गेला, तेव्हा याचिका झाल्या आणि कलमावरची धूळ झटकली गेली. वाल्मीचे तत्कालीन महासंचालक हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने २०१३ मध्ये जलाशयांच्या एकत्रित नियमनाचे कोष्टक दिले. जायकवाडीत किती टक्के पाणी असेल तेव्हा कोणत्या धरणसमूहाने किती साठा ठेवायचा, असे ते टप्पे. त्याच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कलमाचा आणि आदेशाचा गाभा कायम ठेवला. ६५ टक्क्यांचा तो प्रसिद्ध आकडा इथून आला.

त्यानंतर २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०२३ चा आदेश ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला, प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन यावे लागले. या विलंबाची किंमत पाण्यातच मोजावी लागते. पावसाळ्याच्या शेवटी पात्र ओले असताना सोडलेले पाणी आणि दोन महिन्यांनी कोरड्या वाळूत सोडलेले पाणी यांत मोठा फरक असतो. वाळू आधी आपली तहान भागवते, मग खड्डे, मग मोटारी. सोडलेले आणि पोहोचलेले यांतली तफावत ‘वहनव्यय’ या शब्दात बसवली जाते, आणि त्यावरून पुढच्या वर्षीचे भांडण सुरू होते.

आणखी एक विसंगती. आदेश काढणारे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ वरच्या नाशिक-नगरची धरणेही सांभाळते आणि खालचे जायकवाडीही. म्हणजे वाटणी करणारी यंत्रणा एकच आहे. पाणी एका हातातून दुसऱ्या हातात देताना तिला पोलिस लागतात, कारण तिचा हिशेब दोन्हीकडच्या लोकांना उघडपणे दिसत नाही. कोणत्या कालव्यातून कोणत्या पिकाला किती पाणी गेले, किती पाणी मोजून दिले आणि किती क्षेत्रावरून अंदाजाने धरले, हे गावोगाव फळ्यावर लिहिले गेले असते तर तंटा मिटला नसता, पण त्याची भाषा बदलली असती.

तूट वाटून घेण्याची जुनी रीत

तूट वाटून घेणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार फड पाडत आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेत. उसाचा फड ठरलेला आणि फिरता असे. मुख्य म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असे. त्यामुळे पाणी कमी आले आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांचा होई. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसे गावाने नेमलेली आणि गावाला जबाबदार असत. विश्वेश्वरय्यांच्या ब्लॉकची कल्पना आणि फडाची रीत यांत साम्य आहे. फरक एवढाच की फडात शेजाऱ्याची तूट डोळ्यांना दिसत असे. दारणेच्या लाभधारकाला पैठणची तूट दिसत नाही.

फड ही समतेची आदर्श व्यवस्था होती, असे मानण्याचे कारण नाही. ज्याला जमीनच नव्हती त्याचा तिथे वाटा नव्हता. ही उणीव ओळखून पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा ठेवायचा आणि ऊस घ्यायचा नाही, हे तिचे नियम. तिसरे उदाहरण तर याच खोऱ्यातले आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे वाघाडचा सारा कारभार अशा २४ संस्थांच्या हाती आला. तिथे पाणी घनमापावर मोजून मिळते, आणि कालव्याच्या शेपटाला आधी पाणी द्यायचे, हा संकेत पाळला जातो. पाणी मोजले गेले म्हणून पीक बदलले, आणि त्यातून द्राक्षासारखी पिके आली. २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता.

ही उदाहरणे छोटी आहेत. एका बंधाऱ्यावर किंवा एका धरणावर जे जमते, ते शंभर-दीडशे मैलांच्या खोऱ्यावर तसेच जमेल असे नाही. पण त्यांतून एक गोष्ट निश्चित कळते. माणसे कमी पाणी स्वीकारतात, फक्त ते मोजून दिलेले असावे, नियम आधी ठरलेला असावा, आणि नियम करणाऱ्यांत आपण असावे. ऊर्ध्व गोदावरीत या तिन्हींचा अभाव आहे. पाणी मोजले जाते ते धरणाच्या भिंतीशी, नियम न्यायालयातून येतो, आणि कोष्टक ठरवताना पाणी वापरणाऱ्यांना जागा नसते.

पुढची धरणे, पुढचे तंटे

सध्या दोन्ही बाजूंना मान्य असलेला एकच उपाय ऐकू येतो. पश्चिमेला समुद्राकडे वाहून जाणारे पाणी वळवून गोदावरीत आणायचे. तो आकर्षक आहे, कारण त्यात कोणालाच काही सोडावे लागत नाही. पण गेल्या शंभर वर्षांचा अनुभव सांगतो, की प्रत्येक नव्या पाण्याआधी त्याची मागणी उभी राहिलेली असते. नवे पाणी आले आणि वाटणीची रीत जुनीच राहिली, तर आज जो तंटा दारणा-मुळेच्या पाण्यावर आहे तो उद्या वैतरणेच्या पाण्यावर होईल. आणि ते पाणी ज्या डोंगरांतून वळवायचे, तिथले आदिवासी पुन्हा हिशेबाबाहेर राहतील.

कलम १२(६)(ग) साऱ्या राज्यासाठी आहे, एकट्या जायकवाडीसाठी नाही. कृष्णा, भीमा, तापी या खोऱ्यांतही वरचे आणि खालचे आहेत. जी तूट वाटून घेण्याची अपेक्षा नाशिक-नगरकडून केली जाते, ती सर्वत्र केली गेली तर तिला न्यायाचे रूप येईल. एकाच खोऱ्यात ती वापरली जाते तोवर वरच्या शेतकऱ्याला ती शिक्षा वाटणार. हीच गोष्ट नाथसागराच्या खालच्या शेतकऱ्यांनाही लागू आहे. वरून समन्यायी वाटपाची मागणी करायची आणि आपल्या कालव्याच्या तोंडाशी उसाला हवे तेवढे पाणी द्यायचे, हे दोन्ही एका तोंडाने फार काळ चालणार नाही.

या तंट्यात वाईट हेतूने वागलेली माणसे शोधू गेले तर फारशी हाती लागत नाहीत. दुष्काळ टाळू पाहणारे इंजिनियर, पोटासाठी मुलूख सोडून आलेले माळी, कंपन्यांपासून मुक्ती शोधणारे सहकारी शेतकरी, उपेक्षित प्रदेशासाठी धरण खेचून आणणारे नेते, प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही न्याय होता. एकाच नदीवर हे सगळे न्याय रचले गेले आणि त्यांची बेरीज जुळत नाही, हे ठाऊक असूनही ती जाहीरपणे मांडायची टाळाटाळ झाली. हे टाळण्याचे काम सर्व पक्षांच्या सरकारांनी केले. येत्या १५ ऑक्टोबरलाही नाथसागराची पातळी मोजली जाईल आणि साठ्याची टक्केवारी जाहीर होईल. त्याच दिवशी वरच्या आणि खालच्या प्रत्येक धरणाचे पाणी कोणत्या पिकाला, कोणत्या शहराला आणि कोणत्या कारखान्याला गेले हेही जाहीर करायला राज्य तयार झाले, तर भांडण निदान खऱ्या प्रश्नावर येईल.